जमातखान्यातला गोलकीपर

दारातून आत येताना फुजैल चौकटीला दोन्ही कोपरं टेकवायचा. आधी उजवं, मग डावं. स्वतःच्या घरात, दुसऱ्याच्या घरात, बँकेतसुद्धा.

खुर्ची रिकामी असली तरी जमिनीवर बसायचा, पाय मागे दुमडून.

चहा आला की कपावर बशी झाकायचा आणि विसरून जायचा. मग तो निवलेला चहा एका घोटात संपवून म्हणायचा, "मस्त होता."

मासा खाताना काटे ताटाच्या कडेने एकाला एक लावून ठेवायचा.

नव्या इमारतीत शिरला की लादीवर टाच आपटून बघायचा. पोकळ आवाज आला की नाक मुरडायचा. घर कुणाचंही असो.

कुणी काही फेकलं, किल्ली म्हणा, लिंबू म्हणा, तर बोलणं न थांबवता डाव्या हाताने झेलायचा.

हरला की शीळ घालायचा. जिंकला की गप्प.

इंद्रजीतने यातलं काहीच मुद्दाम पाहिलं नव्हतं. इतक्या वर्षांच्या मैत्रीत माणूस पाहायचा राहूनच जातो. तो आहे, एवढं पुरतं. आता या गोष्टी आठवायला लागल्या की थांबत नाहीत, आणि कुठली आधीची, कुठली नंतरची, ते त्याला लावता येत नाही.

दोघं अकरावीला एका बाकावर होते. फुजैल जुन्या पनवेलच्या मोहल्ल्यातला, कोकणी मुसलमानांच्या घरातला. त्याचे अब्बा कुवेतला क्रेन चालवायचे आणि दोन वर्षांतून एकदा घरी यायचे. घरात तो आणि त्याची अम्मी, सफूरा. इंद्रजीत नवीन पनवेलचा. वडिलांची बदली झाली म्हणून पुण्याहून आलेलं कुटुंब. आई, नीता, विमा कंपनीत नोकरीला. बारावीनंतर इंद्रजीत मराठी साहित्य शिकला, एम.ए. झाला आणि कळंबोलीच्या एका कॉलेजात तासांवर शिकवायला लागला. फुजैलने कॉलेज सोडलं. उलव्याला लाद्या बसवणाऱ्या एका ठेकेदाराकडे लागला. तिकडे बघावं तिथे इमारत उभी राहत होती. कामाला तोटा नव्हता. तेव्हापासून तो इंद्रजीतला 'प्रोफेसर' म्हणायला लागला. नीताबाईंना तो आधीपासूनच 'आई' म्हणायचा, आणि त्यांनी ते कधी दुरुस्त केलं नाही.

फ्लोअरबॉल त्यांना अकरावीतच भेटला. खेळाच्या सरांनी कुठूनसा प्लॅस्टिकच्या काठ्यांचा गठ्ठा आणला होता. छताखाली खेळायची हॉकी म्हणा. काठी हलकी, चेंडू पोकळ आणि अंगभर भोकं असलेला. यात गोलकीपरला काठी मिळत नाही. तो गुडघ्यांवर बसतो आणि हातांनी, मांड्यांनी, छातीने, जमेल त्याने चेंडू अडवतो. सरांनी विचारलं, गोलात कोण जातो? कुणी पुढे होईना.

"मी जातो सर," फुजैल म्हणाला. "आमचे गुडघे तयार असतात. दिवसातून पाच वेळा."

"खोटं बोलतोय सर," मोहल्ल्यातलाच एक मुलगा मागून ओरडला. "जुम्म्याला पण दिसत नाही हा!"

वर्ग हसला. फुजैल जाऊन गोलात बसला, तो तिथलाच झाला.

सर वर्षभराने बदलून गेले. काठ्या राहिल्या. खेळायला छत हवं, आणि पनवेलमध्ये छताखालची मोकळी जागा म्हणजे लग्नाचा हॉल. मोहल्ल्याच्या जमातखान्यात निकाह व्हायचे, वलीम्याची जेवणं उठायची. खाली जुन्या कोटा लाद्या, वर लांब दांड्यांचे पंखे. देखभाल वहाबचाचांकडे. ते फुजैलच्या अब्बांचे लांबचे चुलतभाऊ. नातं लांबचं, ओरडायचे मात्र सख्ख्या काकासारखे.

"निकाहच्या दुसऱ्या दिवशी या," चाचांनी सांगून टाकलं होतं. "फरशी धुवा आणि खेळा. माझं पण काम होईल. आणि बूट बाहेर."

असा हा करार. लग्न झालं की दुसऱ्या संध्याकाळी दोघं बादल्या घेऊन हजर. फरशीवर बिर्याणीचं तूप पसरलेलं असायचं. त्यावरून गुडघ्यांनी सरकायला गेलं तर माणूस थेट देगांच्या, म्हणजे मोठाल्या हंड्यांच्या खोलीत. फुजैल धुण्याचा सोडा टाकून खराट्याने घासायचा, इंद्रजीत पाणी ओतायचा. मग पंखे लावून फरशी सुकवायची. मग भिंतीला टेकवलेला पाइपचा गोल ओढून नेहमीच्या जागी लावायचा. फुजैल हेल्मेट घालून, गुडघ्यांना जाड गाद्या बांधून, अनवाणी आत बसायचा. इंद्रजीत चेंडू मारायला लागायचा.

इंद्रजीत वाईट खेळायचा. ते त्याला मान्य होतं. पण मारणारं कुणीतरी लागतं. बाकीची पोरं पांगली. कुणी दुबईला गेलं, कुणाला रात्रपाळी लागली. इंद्रजीत राहिला.

"प्रोफेसर, चेंडू मार. निबंध नको लिहू."

"कोपऱ्यात मारतोय."

"कोपरा इकडे आहे. तिकडे तू मारतोयस तो पाण्याचा पिंप."

त्याच्याकडे बघताना इंद्रजीतला एक गोष्ट कायम नवलाची वाटायची. गोल त्याच्या पाठीमागे असायचा, पण तो कधी वळून बघायचा नाही. खांब कुठे आहे, आपण किती बाहेर आलो, किती आत सरकायचं, सगळं त्याला बसल्या जागी कळायचं. विचारलं तर म्हणायचा, "पाठीला डोळे आहेत. शर्टामुळे दिसत नाहीत."

तो जिल्ह्याकडून खेळला, मग राज्याकडून, सगळं शाळा-कार्यालयांच्या लाद्यांच्या हॉलांत. दोन हजार चौदा साली एके दिवशी फोन आला की भारताच्या संघात घेतलं आहे. जागतिक स्पर्धेत शिरायचं तर आधी पात्रता फेरी खेळावी लागते. ती पूर्वेकडच्या एका देशात होती. सफूराने मोहल्ल्यात मिठाई वाटली. वहाबचाचा पेढा खाताखाता म्हणाले, "इंडियाकडून? हॉकी ना?"

"फ्लोअरबॉल, चाचा."

"तेच ते. आमची फरशी घासणारा इंडियाला पण चालला म्हणजे."

यजमानांशी झालेला सामना इंद्रजीतने घरी कॉम्प्युटरवर पाहिला. चित्र अडकत होतं, पुढे जात होतं, पुन्हा अडकत होतं. शेजारी नीताबाई मेथी निवडत बसल्या होत्या. निळी, गुळगुळीत जमीन. कडेने बुटकी पांढरी भिंत. पलीकडे माणसं. आणि गोलात फुजैल, अंगात देशाचा शर्ट, पायात नवे बूट.

पहिला गोल झाला. मग दुसरा. मग मोजायचं कुणाला सुचेना.

"हा सारखा मागे का बघतो रे?" नीताबाईंनी विचारलं.

इंद्रजीतच्याही तेव्हाच लक्षात आलं. फुजैल मान वळवत होता. खांब कुठे आहे ते बघत होता. तो मागे बघायचा आणि तेवढ्यात चेंडू आत जायचा. एकदा तो इतका बाजूला सरकला की सगळा गोल मोकळा पडला. समोरच्याने हसत चेंडू आत ढकलला. मारावासुद्धा लागला नाही.

एकवीस गोल झाले. नीताबाईंनी मेथीची जुडी तशीच खाली ठेवली आणि आत गेल्या.

परत आल्यावर फुजैलने आठवडाभर फोन उचलला नाही. सफूरा सांगायची, कामावर जातो, येतो, जेवतो. बोलत नाही. त्याची शीळसुद्धा ऐकू आली नाही. मग एका संध्याकाळी तोच बादली घेऊन इंद्रजीतच्या दारात उभा राहिला.

"चल."

आदल्या दिवशी लग्न नव्हतं. फरशी स्वच्छ होती. तरी त्याने ती धुतली, सुकवली. गोल लावला, बसला.

"मार."

इंद्रजीत मारत राहिला. फुजैल अडवत राहिला. डावीकडचे, उजवीकडचे, टप्पा पडून आलेले, सगळे. एकदाही मागे वळला नाही. आणि मध्येच थांबला. हेल्मेट काढून बाजूला ठेवलं. खाली बघत राहिला.

"प्रोफेसर, इकडे ये. माझा अंगठा बघ."

डाव्या पायाचा अंगठा दोन लाद्यांमधल्या फटीत रुतून बसला होता.

"आता सरक म्हण."

"सरक."

तो डावीकडे सरकला. अंगठा फटीतून निघाला, लादीवरून घसरला आणि पुढच्या फटीत जाऊन बसला. न शोधता. जिना उतरताना पाय पायरीवर पडतो तसा.

"ही फट म्हणजे खांब," फुजैल म्हणाला. "त्याच्या आतली म्हणजे मध्य. मला माहीतच नव्हतं रे. खरंच माहीत नव्हतं. तिकडे बसलो तर खाली काहीच नाही. सगळं गुळगुळीत. वरून बूट. मी कुठे आहे तेच कळेना."

इंद्रजीतने वाकून फटीवरून बोट फिरवलं.

"इतकी वर्षं वाटलं मी शिकलो," फुजैल म्हणाला. "ही फरशीच मला सांगत होती."

मग तो हसला. पण ते हसणं इंद्रजीतला आवडलं नाही.

त्यानंतर त्याला एकच हवं होतं. फट नसलेल्या जमिनीवर मागे न बघता बसता यावं. जिंकणं-हरणं पुढचं पुढे. प्रशिक्षकांचा फोन आला होता. पुढच्या पात्रता फेरीसाठी पुढल्या वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस शिबिर होतं. ते म्हणाले होते, "एकवीस मी विसरलेलो नाही. पण ये. दाखव काय ते." फुजैलने हे वाक्य इंद्रजीतला इतक्यांदा सांगितलं की ते इंद्रजीतलाच कुणीतरी म्हटल्यासारखं वाटायला लागलं.

त्याने सगळं करून बघितलं. चाचांच्या हातापाया पडून बूट आत आणले, तळ घासून धुऊन. बुटाचं टोकही फट शोधायचं. गोल दुसरीकडे लावला. चार दिवसांत पायांनी तिथल्या फटी पाठ केल्या. लग्नातल्या सतरंज्या अंथरल्या. त्या गुडघ्याखाली गोळा व्हायच्या आणि तो तोंडावर आपटायचा. बॅडमिंटनचे हॉल होते, पण तिथे संध्याकाळ मिळायची नाही, आणि मिळाली तरी गोल आत न्यायला कुणी देईना.

शेवटी एक दिवस तो फरशीवर पालथा पडून फटींकडे बघत म्हणाला, "रोज उलव्याला लोकांच्या घरातल्या फटी भरतो. आपल्याच राहिल्या."

वहाबचाचांना त्याने फटी भरायचं विचारलं तेव्हा त्यांनी आधी फरशीकडे बघितलं.

"माझ्या निकाहच्या आधीपासून ही फरशी अशीच आहे. तुला काय त्रास दिला हिने?"

"त्रास नाही, चाचा. लाड केले. तेच नडलं."

"वेडा आहे हा पोरगा," चाचा इंद्रजीतला म्हणाले. मग फुजैलकडे वळून, "मोहरममध्ये कर. तेव्हा निकाह नसतात, देगा चढत नाहीत. महिना तुझा. पण पुढच्या लग्नाच्या आधी काम पुरं पाहिजे. दुल्हा अडखळला तर मुलीच्या बापाला तुझं नाव सांगेन."

त्या वर्षी मोहरम ऑक्टोबरात आला. फुजैल उलव्याहून परस्पर जमातखान्यात यायचा. करवतीच्या तुटक्या पात्याने फट खरवडायची. आतून कुठल्या कुठल्या लग्नांचं काळं तूप निघायचं, तांदळाचे दाणे, एकदा एका बांगडीचा तुकडा. फट ब्रशने साफ करायची. मग सिमेंटचा मसाला कालवून रबरी पट्टीने दाबून भरायचा, ओल्या स्पंजने पुसायचा. लादीच्या अगदी बरोबरीने. नख फिरवलं तर अडता कामा नये. ते खरवडणं इंद्रजीतकडे होतं. पण फुजैल मागून येऊन पुन्हा खरवडायचा.

"मग मला कशाला सांगतोस?"

"तुला बरं वाटावं म्हणून."

सुरुवात त्याने दरवाजाच्या बाजूने केली. गोलाची जागा दुसऱ्या टोकाला. ती शेवटी.

"तीच आधी भर ना," इंद्रजीत म्हणाला. "तीच तर महत्त्वाची."

"म्हणूनच."

एवढंच म्हणाला. आणि पुढच्या फटीकडे सरकला.

अर्धा हॉल भरून झाला तेव्हा त्याचं अंग दुखायला लागलं. पाठ, मांड्या, डोळ्यांच्या मागे. त्याला त्याचं काही विशेष वाटलं नाही. गोलकीपरचं अंग रोजच दुखतं. खेळून आल्यावर दुखण्याची गोळी घ्यायची हा त्याचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता होता. सफूरा भाजीबरोबर त्या गोळ्यांची पाकिटंही आणायची. या वेळी तर दिवसभर उन्हात काम, संध्याकाळी ओणव्याने खरवडणं आणि वर खेळ. दुखणारच. थोडी कणकण होती. गोळीने तीही उतरायची.

"आज राहू दे का?" इंद्रजीतने एकदा विचारलं.

"शिबिरात असं सांगू? सर, आज राहू द्या?"

त्या दिवशी त्याने गोल उचलून भरलेल्या भागात आणला. दरवाजाजवळ, जिथे तो आजवर कधीच बसला नव्हता. खाली आता काहीच नव्हतं. राखाडी, सपाट, गुळगुळीत जमीन. बूट घातले. बसला. डोळे मिटले, उघडले.

"मार."

पहिले काही चेंडू आत गेले. मान वळायला लागली की तो स्वतःलाच शिवी द्यायचा. मग त्याने एक नवीन गोष्ट सुरू केली. चेंडू यायच्या आधी हात मागे नेऊन खांबाला बोट लावायचं आणि लगेच पुढे आणायचं. मग तेही सोडलं. मग नुसता बसला. इंद्रजीतने डावीकडे मारला, अडला. उजवीकडे मारला, अडला. त्याने जीव खाऊन मारला, फुजैलने दंडाने अडवला. वर मारला, हातात आला. घामाने त्याचा शर्ट अंगाला चिकटला होता. तोंड लालबुंद झालं होतं. मान हलत नव्हती.

किती वेळ गेला ते दोघांनाही कळलं नाही. वहाबचाचा किल्ल्या घेऊन दारात येऊन उभे राहिले होते आणि ओरडायचं विसरून बघत होते.

फुजैलने हेल्मेट काढलं.

"प्रोफेसर," तो म्हणाला. "आलं."

मग गप्प झाला.

दोन दिवसांनी सफूराने खिचडा केला होता. मोहरमचा, दहाव्या दिवसाचा, गहू आणि मटण घोटून घोटून एक झालेला. इंद्रजीत दरवर्षी जायचा. फुजैल समोर बसला, पण दोन-चार घास घेऊन थांबला. तोंडाला चव नाही म्हणाला. सफूराने वाढता वाढता त्याचा हात धरला आणि उजेडाकडे वळवला. मनगटापासून कोपरापर्यंत बारीक लाल ठिपके होते.

त्या चेंडूला भोकं असतात. उघड्या अंगावर जोरात बसला की त्याचा शिक्का उमटतो, ठिपक्याठिपक्यांचा. फुजैल उकाड्यामुळे अर्ध्या बाह्यांत खेळायचा. त्याचे हात वर्षानुवर्षं तसेच असायचे. घरात सगळ्यांना ते डाग ओळखीचे होते.

"इंद्रजीत बेटा, किती मारतोस रे माझ्या पोराला?"

"तोच म्हणतो जोरात मार, खाला."

"याचा मार लागत नाही, अम्मी," फुजैल म्हणाला. "प्रोफेसर आहे. लाल शाईने खुणा करतो."

सफूरा हसली. इंद्रजीत हसला. फुजैलही हसला.

त्याच संध्याकाळी दोघं जमातखान्यात गेले. आता फक्त गोलासमोरची जागा उरली होती. फुजैलने इंद्रजीतला पातं दिलंच नाही. स्वतःच गुडघ्यांवर बसून उरलेल्या सगळ्या फटी खरवडल्या. ब्रशने साफ केल्या. मसाला कालवला. एक ओळ भरायला घेतली आणि मध्येच रबरी पट्टी खाली ठेवून भिंतीला टेकून बसला.

"उद्या भरू," म्हणाला. "हात जड झालेत."

त्याने असं आधी कधी म्हटलं नव्हतं. इंद्रजीतने त्याला बाइकवर मागे बसवून घरी सोडलं.

सकाळी दात घासताना रक्त आलं, ते थांबेना. मग बेसिनपाशीच तो खाली बसला. सफूराने आधी वहाबचाचांना हाक मारली, मग इंद्रजीतला फोन केला.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी त्याचे हात बघितले.

"हे डाग कधीपासून?"

"ते चेंडूचे आहेत," सफूरा म्हणाली.

"चेंडूचे आहेत, डॉक्टर," इंद्रजीतही म्हणाला. "गोलकीपर आहे तो."

डॉक्टरांनी शर्ट वर केला. पोटावर तेच ठिपके होते. पाठीवर होते. काखेत होते. जिथे कुठलाच चेंडू लागत नाही, तिथे होते.

मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. ताप होता? कणकण होती. अंग दुखत होतं? ते रोजच दुखतं. गोळ्या घेतल्या? हो. कुठल्या? दुखण्याच्या. कधीपासून? सफूराने इंद्रजीतकडे पाहिलं. त्या तो नेहमीच घ्यायचा.

डेंग्यू. अंगात रक्त धरून ठेवणारे कण संपत आले होते, आणि गोळ्यांनी रक्त आणखी पातळ झालं होतं. डॉक्टर हे शांतपणे सांगत होते. कुणालाही दोष देत नव्हते. त्याचंच इंद्रजीतला अजून सगळ्यात वाईट वाटतं. रागवायला कुणी नव्हतं.

रक्त द्यायला अख्खा मोहल्ला आला. नीताबाईंनी ऑफिसात फोन फिरवले. उलव्याहून लाद्या बसवणारी पोरं टेम्पोत बसून आली, हाताला सिमेंट तसंच. तिसऱ्या दिवशी सकाळी फुजैलने डोळे उघडले. इंद्रजीत शेजारी होता.

"मसाला दगड झाला असेल," फुजैल म्हणाला.

"दुसरा कालवू."

"पाणी कमी घाल. तू जास्त घालतोस."

दुपारी तो गेला.

अब्बांचं विमान दुसऱ्या दिवशीचं होतं. तेवढं थांबता आलं नाही. सूर्यास्ताच्या, मगरिबच्या नमाजाआधी दफन झालं. इंद्रजीतने खांदा दिला. खांदा कधी बदलायचा ते त्याला कळत नव्हतं. वहाबचाचा मागून त्याच्या पाठीला हात लावून सांगत होते. कबरीजवळ त्यांनी त्याच्या हातात माती दिली.

"तीन मुठी," ते म्हणाले. "हळू टाक."

नेहमीचा त्यांचा तो आवाज कुठेच नव्हता.

नोव्हेंबरात फुजैलच्या फोनवर प्रशिक्षकांचा फोन आला. सफूराने बघितलं आणि फोन इंद्रजीतच्या हातात दिला. पलीकडून विचारलं, "फुजैल, कधी पोचतोस?" इंद्रजीतने सांगितलं. मग प्रशिक्षक म्हणाले, "तो मला म्हणाला होता, सर, या वेळी मागे बघणार नाही. मला वाटलं, बोलतो आहे." इंद्रजीत म्हणाला, "नाही सर. आलं होतं त्याला. मी पाहिलंय."

ते पाहणारी दोनच माणसं होती. तो आणि वहाबचाचा.

लग्नांचे दिवस पुन्हा जवळ आले तेव्हा चाचांनी इंद्रजीतला बोलावून घेतलं. एक गवंडी येऊन बाहेर विडी ओढत बसला होता. चाचांनी त्याला आत घेतलं नव्हतं.

"तूच बघ," ते म्हणाले. "याला भरायला सांगू का? पहिला निकाह जवळ आलाय. माझ्याच्याने सांगवत नाही."

इंद्रजीत बूट काढून आत गेला. दरवाजापासून जवळजवळ सगळा हॉल एकसंध राखाडी होता. त्यावरून चालताना पायाला काही लागत नव्हतं. पलीकडच्या टोकाला घमेलं होतं, त्यात मसाला दगड होऊन बसलेला, त्यात पट्टीचं टोक अडकलेलं. एक ओळ अर्ध्यापर्यंत भरली होती. तिथून पुढे गोलासमोरच्या फटी उघड्या होत्या. खरवडलेल्या, ब्रशने साफ केलेल्या, पूर्वीपेक्षा खोल.